पावसाच्या आधी खराटा

दिंडोरी हा धरणांचा तालुका आहे. करंजवण, वाघाड, पुणेगाव, ओझरखेड, तिसगाव, पालखेड अशी धरणांची रांगच या तालुक्यात उभी आहे. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं की निफाड-येवल्याची शेतं भिजतात आणि येवला, मनमाड या शहरांच्या पिण्याच्या पाण्याची सोय होते. धरणाखालची कादवा नांदूर मध्यमेश्वरला गोदावरीला मिळते. तिथला जलाशय म्हणजे महाराष्ट्रातला रामसर दर्जा मिळालेला पहिला पाणथळ प्रदेश. त्याच्या पुढे जायकवाडी, आणि जायकवाडीच्या पाण्यावर छत्रपती संभाजीनगर व जालना. दिंडोरीच्या मातीवर पडलेला पाऊस इतक्या लांबच्या माणसांच्या घागरीत जातो.

शेतावर पडणाऱ्या पावसाचा विचार या तालुक्याने मनापासून केला आहे. वाघाडच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था उभ्या केल्या, आणि पुढे सगळ्या प्रकल्पाचं व्यवस्थापन आपल्या हाती घेतलं. ते काम पाहायला देशभरातून लोक आले. पाणी कुणाच्या वाट्याला किती यावं, ते कसं मोजावं, वरच्याने खालच्यासाठी किती सोडावं, या प्रश्नांची उत्तरं इथल्या माणसांनी भांडून, बसून, समजुतीने काढली. रस्त्यावर पडणाऱ्या पावसाबद्दल मात्र असा एकही प्रश्न आपण विचारलेला नाही. तो पाऊस गटारात गेला की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं की गावाचा रस्ता हासुद्धा धरणाच्या पाणलोटाचा भाग आहे, आणि तो झाडणं हे पाण्याचं काम आहे. ते वेळेवर आणि नीट व्हायचं असेल, तर आधी त्याच्याकडे पाण्याचं काम म्हणून पाहावं लागेल.

दिंडोरीच्या रस्त्यावर काय पडतं ते पाहू. नाशिकहून दिंडोरी, वणी करत सापुताऱ्याकडे जाणारा हा रस्ता आहे. द्राक्षाचा हंगाम चालू असला की क्रेट भरलेल्या पिकअप दिवसरात्र धावतात. टोमॅटोच्या दिवसांत तीच वर्दळ, फक्त माल वेगळा. बागेतून डांबरी रस्त्यावर चढणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांना काळी माती चिकटलेली असते. ती पहिल्या फर्लांगभरात गळून पडते, वाहनांखाली दळली जाते आणि तिची पूड होते. त्या मातीत बागेला दिलेलं खत असतं, बोर्डो मिश्रणातलं मोरचूद असतं, डावणी-भुरीवर मारलेल्या औषधांचे अंश असतात. फवारणीच्या ब्लोअरची टाकी कुठेतरी ठिबकत असते. गॅरेजसमोर ऑइल आणि ग्रीसचे डाग असतात. ब्रेक झिजतात, टायर झिजतात. ती झीज हवेत विरून जात नाही, रस्त्यावरच बसते. आठवडे बाजार उठला की पालापाचोळा, कुजका भाजीपाला, कॅरिबॅगा मागे राहतात. चैत्रात आणि नवरात्रात सप्तशृंगगडाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते आणि कडेला पत्रावळी, द्रोण, पाण्याच्या बाटल्यांची रास होते. बांधकामाची वाळू आणि खडी अर्धा रस्ता अडवून महिनोन् महिने पडलेली असते. स्वामी समर्थ केंद्रामुळे गावात बाहेरगावच्या गाड्यांची ये-जा बारमाही आहे.

हे सगळं ऑक्टोबर सरल्यापासून जूनपर्यंत साचत जातं. मधला अवकाळी सोडला तर ते धुऊन नेणारं पाणी नसतं. मग एखाद्या संध्याकाळी वळवाची सर येते आणि पहिल्या अर्ध्या तासात सहासात महिन्यांचा बराचसा साठा उचलते. पावसाच्या सुरुवातीला वाहणारं पाणी सगळ्यात घाण असतं, पुढचं हळूहळू निवळतं. जगभर झालेल्या मोजणीतून हे दिसलं आहे, आणि आपल्याकडे कोरडा काळ इतका लांब असल्याने ते अधिकच खरं असणार. ही पहिली काळी धार गटारातून नाल्यात, नाल्यातून ओहोळात आणि तिथून कादवेच्या खोऱ्यात उतरते. वाटेत तिला अडवणारं काहीच नसतं. सांडपाण्यासाठी निदान शुद्धीकरण केंद्र बांधण्याची चर्चा होते, निधी येतो, निविदा निघतात. रस्त्यावरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी तेवढीही सोय कुठे होत नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्या नद्यांचं सगळ्यात मोठं दुखणं सांडपाणी हेच आहे. गोदावरीच्या पाणवेली चांदोरी-सायखेड्याच्या पुलांना येऊन अडकतात, पुराच्या वेळी धोका वाढवतात. त्यांना पोसणारं नत्र आणि स्फुरद मुख्यतः शहरांच्या मैल्यातून आणि शेतांतून येतं. रस्ते झाडून गोदावरी निर्मळ होईल असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. पण मोठं दुखणं आहे म्हणून दुसऱ्याकडे पाठ फिरवायची, हा युक्तिवाद आजवर आपल्याला फार महागात पडला आहे. सांडपाण्याचं केंद्र उभं राहायला वर्षं लागतात आणि कोट्यवधी रुपये लागतात. रस्ता उद्या सकाळी झाडता येतो. शिवाय टायरची पूड, ब्रेकमधलं तांबं आणि बागेतल्या मातीतलं मोरचूद सांडपाण्याच्या केंद्रात जातच नाही. त्याला थांबवायची जागा एकच, आणि ती म्हणजे रस्ता.

आता खरा आक्षेप. झाडण्याने पाणी खरोखर स्वच्छ होतं का? अमेरिकेत या प्रश्नावर पन्नास वर्षांहून अधिक काळ काम झालं आहे आणि त्यातले निष्कर्ष आपल्या सोयीचेच आहेत असं नाही. तिथल्या पर्यावरण संस्थेने देशातल्या अनेक शहरांत पावसाळी पाण्याची पाहणी करून १९८३ साली अहवाल दिला. त्यात रस्ते झाडण्याचा पाण्याच्या गुणवत्तेवर फारसा परिणाम दिसत नाही, असं म्हटलं होतं. त्याचं कारण मात्र त्याआधीच, १९७२ च्या एका अभ्यासात सापडलं होतं. रस्त्यावरच्या घाणीतला ४३ मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी आकाराचा भाग वजनाने जेमतेम ६ टक्के होता. पण शेवाळ पोसणाऱ्या द्रव्यांपैकी एक तृतीयांश ते निम्मा हिस्सा याच भागात होता. त्या काळची ब्रशची यंत्रं जाड कचरा छान उचलत आणि ही बारीक पूड बहुतांश जागच्या जागी ठेवत. रस्ता डोळ्यांना स्वच्छ दिसे, पण पाण्याला बाधणारं सगळं तिथेच राही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. घाणीचा फार मोठा हिस्सा रस्त्याच्या मध्यावर नसतो. वाहनांच्या वाऱ्याने तो उडून कडेच्या वीतभर पट्टीत जाऊन बसतो.

पुढे हवेने ओढून घेणारी यंत्रं आली आणि रस्त्यावरची घाण कमी होऊ लागली. तरी वाहत्या पाण्यात तो फरक मोजून दाखवणं अवघडच राहिलं. मग २०१६ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरातून एक अभ्यास आला आणि तो मला आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा वाटतो. पानगळीच्या दिवसांत रस्त्यावरची पानं आणि पाचोळा पाऊस येण्याआधी उचलला, तर पाण्यातून वाहून जाणारं स्फुरद ८४ टक्क्यांनी आणि नत्र ७४ टक्क्यांनी कमी झालं. इथे यंत्रापेक्षा वेळेने काम केलं. पानं ओली होऊन चुरगळण्याआधी, त्यांचा अर्क गटारात उतरण्याआधी ती उचलली गेली, एवढाच तो फरक.

मॅडिसनमध्ये पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. दोन सरींच्या मध्ये आठवडाभर मिळाला तरी पुष्कळ. आपल्याला निसर्गाने सलग सहासात महिन्यांचा कोरडा काळ दिला आहे. जवळपास ठरलेली पावसाळ्याची वेळ दिली आहे. आपल्या हवामानात खराट्याला जितकी संधी आहे तितकी मॅडिसनला कधीच मिळणार नाही. आणि मे महिन्यात नेमकं आपण काय करतो? त्या महिन्यात नालेसफाईच्या निविदा काढतो.

नालेसफाईचा हा सोहळा जवळजवळ प्रत्येक गावात सारखाच असतो. मेच्या अखेरीस जेसीबी येतो, नाल्यातला गाळ काढून काठावर टाकतो. तो वाळल्यावर उचलू असं ठरलेलं असतं. उचलायच्या आधी पाऊस येतो आणि काठावरचा गाळ पुन्हा नाल्यात जातो. ज्या गाळावर आपण खर्च करतो, त्यातला मोठा भाग मागच्या पावसाळ्याआधी रस्त्याच्या कडेला सुकी धूळ म्हणून पडलेला होता. तेव्हा तो खराटा आणि घमेल्याने उचलता आला असता. नाल्यात जाऊन भिजला, कुजला, जड झाला की त्याला यंत्र लागतं, डंपर लागतो, आणि त्यात मिसळलेलं विरघळणारं द्रव्य तर तोवर पुढे निघूनही गेलेलं असतं. नालेसफाईवरच्या रकमेतला काही वाटा हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या कडेच्या सफाईकडे वळवला, तर नाल्यात उतरणारा गाळच कमी होईल. कोणत्याही नगरपंचायतीला हा हिशेब एका वर्षात तपासून पाहता येईल. नाल्यातून निघालेला गाळ आणि रस्त्यावरून उचललेली धूळ, दोन्ही गाड्या काट्यावर घातल्या की झालं.

वेळेच्या बाबतीत दिंडोरीला कुणाकडून शिकायची गरज नाही. द्राक्ष बागायतदार हवामानाचा अंदाज जितक्या बारकाईने पाहतो तितका दुसरा कोणी क्वचितच पाहत असेल. दुपारी पाऊस येणार असेल तर सकाळी फवारायचं की नाही, छाटणी दोन दिवस पुढे ढकलायची का, हे निर्णय तो मोबाइलवरच्या अंदाजावर घेतो. कित्येक बागांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. मार्चमध्ये अवकाळीचा इशारा आला की सगळा तालुका रात्रभर जागा असतो. त्याच इशाऱ्यावर नगरपंचायतीचा मुकादमही कामाला लागू शकतो. दोन दिवसांत पाऊस आहे असं कळलं की नेहमीचं वेळापत्रक बाजूला ठेवायचं, बाजारतळ, बसस्थानकाचा परिसर, गॅरेजची रांग आणि मुख्य रस्त्याच्या दोन्ही कडा आधी झाडून उचलायच्या. पाऊस सुरू होण्याच्या आत ढीग गाडीत गेला पाहिजे. ज्या गावाला द्राक्षाचा एक घड वाचवण्यासाठी तासातासाचा अंदाज वाचता येतो, त्या गावाला एवढं जमणार नाही असं मी मानायला तयार नाही.

झाडण्याची रीत हा विषय किरकोळ वाटतो, पण सगळं यश त्याच्यावर आहे. आज बहुतेक गावांत रस्ता झाडतात म्हणजे मधला कचरा कडेला लोटतात. कडेच्या गटारावरची फरशी जिथे फुटलेली असते तिथे तो सहज आत जातो, आणि कुणी पाहत नसेल तर मुद्दाम ढकललाही जातो. ढीग केले तर ते उचलायला घंटागाडी दुपारी येते, तोवर वाऱ्याने आणि वाहनांनी निम्मे पसरलेले असतात. पानांचे ढीग पेटवून दिले जातात. राख पानांपेक्षा बारीक आणि हलकी. तिच्यातलं स्फुरद पाण्याबरोबर आणखी सहज निघून जातं. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पानं जाळायला बंदी केली. रस्त्यावरचा कचरा वस्तीची दाटी आणि व्यापार पाहून रोज, दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदा वेगळा गोळा करावा, रस्त्यावरची धूळ आणि गटारातला गाळ ठेवायला झाकलेली जागा करावी, असंही त्या नियमांत म्हटलं होतं. नियम चांगले होते. मात्र ते पाळले गेले का, हे पाहायला फेब्रुवारीत कुणी कडेची धूळ तपासत नाही.

उचललेली धूळ कुठे टाकायची, हाही प्रश्न आहे. बाजारातला भाजीपाला आणि झाडांची पानं आधी वेगळी उचलली तर त्यांचं उत्तम खत होतं. पण वाहत्या रस्त्याच्या कडेची पूड त्या खतात मिसळू नये. तिच्यात धातू असतात, टायरचा चुरा असतो. २०२० साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की टायर टिकावा म्हणून रबरात घातलेल्या एका रसायनापासून हवेतल्या ओझोनमुळे एक विष तयार होतं, आणि पावसाबरोबर ओढ्यात गेल्यावर ते कोहो जातीच्या सामन माशांना काही तासांत मारतं. आपल्या नद्यांतल्या माशांचं काय होतं हे तपासायला हवं. पण रस्त्याची धूळ ही निव्वळ माती असते, हा समज तरी यानंतर उरू नये. ती चाळून जाड वाळू आणि खडी भरावाला वापरावी, बारीक भाग पाण्यापासून दूर, झाकून टाकावा.

मोठ्या शहरांकडे पाहून या बाबतीत चुकीचा धडा घ्यायची भीती आहे. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या यादीत नाशिक आहे, आणि नाशिक महापालिकेनेही यांत्रिक झाडू आणले. चांगली गोष्ट आहे. पण ही सगळी व्यवस्था हवेतली धूळ कमी करण्यासाठी उभी राहिली. हवेसाठी धूळ दाबली तरी चालते, पाणी मारून ती खाली बसवली तरी चालते. मुंबईत २०२३ च्या हिवाळ्यात टँकरने रस्ते धुण्याची मोहीम झाली तेव्हा हवेचा विचार झाला. धुतलेली धूळ कुठल्या नाल्यातून कुठल्या खाडीत जाणार, हा विचार मोहिमेच्या केंद्रस्थानी नव्हता. पाण्याच्या दृष्टीने रस्ता धुणं म्हणजे पावसाने जे जूनमध्ये केलं असतं ते आपणच डिसेंबरमध्ये करणं. दिंडोरीसारख्या गावाने कोट्यवधींची यंत्रं मागू नयेत आणि टँकरने रस्ते धुऊ नयेत. माणसांच्या हातात चांगला खराटा, रुंद फावडं, झाकण असलेली ढकलगाडी आणि कडेची पट्टी झाडण्याइतका वेळ द्यावा. त्याबरोबर फुटकी साइडपट्टी नीट करावी, कारण खडबडीत, उखडलेल्या कडेवरून बारीक धूळ कुठलाच खराटा उचलू शकत नाही.

नाशिकसाठी तर हा प्रश्न आता तातडीचा आहे. २०२७ च्या सिंहस्थातली मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, ऐन पावसात. लाखो माणसं रामकुंडात उतरतील त्या दिवसांत शहराच्या रस्त्यांवरून आलेलं पाणीही गोदावरीतच उतरत असेल. सांडपाणी रोखण्याच्या योजनांवर जितकी चर्चा होते त्याच्या शतांशाने तरी या पाण्यावर व्हावी.

आणि हे काम करायचं कुणी? ज्यांच्या हातात आज खराटा आहे त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. रस्ते झाडण्याचं काम आपण पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं, आणि ते कंत्राटावर गेल्यावरही ती वाटणी फारशी बदलली नाही. कंत्राटी सफाई कामगार पहाटे धुळीत उभा राहतो. त्या बारीक धुळीचा पहिला बळी त्याची फुप्फुसं असतात. गणवेश, हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट देणं नियमांनी बंधनकारक केलं आहे. तरी उघड्या हाताने आणि तोंडाला रुमाल बांधून झाडणारी माणसं आपल्याला रोज दिसतात. ज्या कामाला आपण पाण्याचं काम म्हणतो त्याला पाणीपुरवठ्याच्या कामाइतकी प्रतिष्ठा आणि वेतन मिळायला हवं. जलशुद्धीकरण केंद्रावरच्या माणसाला आपण तंत्रज्ञ समजतो. कुठला कोपरा आधी तुंबतो, कुठल्या फरशीखाली चेंबर फुटलंय, कुठल्या दुकानासमोर तेल सांडतं, हे ज्याला पाठ असतं त्या सफाई कामगाराला मात्र कुठल्याही बैठकीला बोलावत नाही. पावसाळ्याआधीच्या नियोजनाच्या बैठकीत पहिलं म्हणणं त्याचं ऐकलं जावं.

गाडगेबाबा गावात आले की आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. १९५६ साली ते गेले. त्यांनी बांधलेली धर्मशाळा नाशकात आहे, त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्राने २००० च्या सुमाराला सुरू केलं आणि कित्येक गावांचा चेहरा त्याने बदलला. पण अभियानाची तपासणी ठरलेल्या दिवशी होते आणि गाव त्या दिवसासाठी झाडलं जातं. बाबांनी कुठल्या समितीसाठी झाडलं नव्हतं. तपासणीचा दिवस ठरवायचाच असेल, तर तो मृग नक्षत्राच्या आदल्या दिवशी ठेवावा.

कायद्याने रस्ते आणि गटारं साफ ठेवणं हे नगरपंचायतीचं बंधनकारक कर्तव्य आहे. १९६५ च्या अधिनियमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यासाठी नव्या योजनेची किंवा मुंबईहून येणाऱ्या आदेशाची वाट पाहण्याचं कारण नाही. दिंडोरीच्या नगरसेवकांनी पुढच्या अंदाजपत्रकात नालेसफाईच्या शेजारी एक नवी ओळ लिहावी: रस्त्याच्या कडेची पावसाळापूर्व सफाई. बागायतदारांनी बागेच्या तोंडाशी खडीची पट्टी टाकून ट्रॅक्टरची चाकं तिथेच झाडावीत. दुकानदारांनी दुकानासमोरचा केर गटारात न लोटता टोपलीत भरावा, गॅरेजवाल्यांनी सांडलेल्या तेलावर भुसा टाकून तो उचलावा. आणि येवला-मनमाडच्या नागरिकांनी, ज्यांच्या नळाला हे पाणी येतं, दिंडोरीकरांना पत्र लिहून विचारावं की यंदा पावसाच्या आधी रस्ते झाडले का. वाघाडच्या खोऱ्यातल्या माणसांनी खालच्या शेतकऱ्याचा हक्क मान्य केलाच आहे. खालच्या शहराचा हक्कही त्यांनी मान्य करावा, ही विनंती आहे.